बावीस इंचांची पायरी

ताईच्या दारापर्यंत गाडी जात नाही. गल्लीच्या तोंडाशी उतरायचं, पिशव्या उचलायच्या आणि दोन वळणं पायी चालायचं. जयपूरची ब्रह्मपुरी अशीच आहे. सवाई जयसिंगांच्या काळात यज्ञयागासाठी, शास्त्रांसाठी लांबलांबून बोलावलेले विद्वान इथे राहिले. राजाचे गुरू रत्नाकर पौंडरीक मूळचे आपल्याकडचे; त्यांची चित्रांनी भरलेली हवेली याच भागात आहे. वर डोंगरावर गढ गणेश. तिथला गणपती बालरूपातला, सोंड नसलेला. पायऱ्या ३६५, वर्षाच्या दिवसांइतक्या, असं इथलं लहान मूलही सांगतं. ४८ वर्षांपूर्वी ताई लग्न होऊन या गल्लीत आली, तेव्हा आईला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तिने या गणपतीबद्दलच जास्त लिहिलं होतं. पन्नाशीपर्यंत ती दर बुधवारी चढून जायची, साठीनंतर फक्त चतुर्थीला, सत्तरीनंतर खालूनच हात जोडू लागली. त्याचं तिला फारसं वाईट वाटलेलं मला दिसलं नाही. डोंगर कधीतरी चढवेनासा होणार, हे माणूस धरूनच चालतं.

या माघात तिच्याकडे गेलो, तेव्हा कळलं की ती बगरूला जायचीच थांबली आहे. अकरा महिने झाले होते.

बगरू जयपूरपासून तीसेक किलोमीटर, अजमेरच्या रस्त्यावर. तिथल्या छिपांकडून कापड छापून घ्यायचं आणि जयपुरात, पुण्या-मुंबईत विकायचं, हा भाऊजींचा धंदा. धंदा त्यांचा, पण नजर ताईची. चिखल, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाची पूड कालवून केलेला दाबू कापडावर कुठे नीट बसला आणि कुठे फुटला, हे ती लांबून सांगायची. लोखंड आणि गूळ कुजवून काळी स्याही करतात, तिचा वास घेऊन ती किती मुरली याचा अंदाज बांधायची. मैदानावर वाळत घातलेल्या कापडाचं टोक दोन बोटांत चोळून बघणं, ही तिची सवय. भाऊजी गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर भाच्याने धंदा हाती घेतला तरी आठवड्यातून एकदा पिकअपमधून ताई बगरूला जातच होती. मग अचानक बंद.

मला फोनवर म्हणाली होती, ‘‘अरे, आता सगळं मोबाइलवर येतं. फोटो पाठवतात.’’ मी विश्वास ठेवला. इथे आल्यावर भाच्याकडून खरं कळलं. गेल्या फाल्गुनात बगरूला पोचल्यावर ती गाडीतून उतरत होती. पाय जमिनीपर्यंत पोचायच्या आत चप्पल दाराच्या कडेत अडकली आणि ती गुडघ्यांवर, तळहातांवर पडली. हाड मोडलं नाही. चार माणसं धावत आली, दोघांनी काखेत हात घालून उचललं. त्या दिवशी तिने कापड पाहिलं, हिशेब केला, चहा घेतला. घरी आल्यावर मात्र पुन्हा त्या गाडीत बसली नाही.

पडल्याचं दुःख आठवड्यात गेलं असावं. मला वाटतं, काखेत हात घालून उचलल्याचं गेलं नाही. जिच्या बोटांकडे बघून चार घरांत रंग ठरायचे, तिला त्याच अंगणात गाठोड्यासारखं उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ताईची मोजपट्टी घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेलो आणि गाडी मोजली. जमिनीपासून दाराच्या खालच्या कडेपर्यंत २२ इंच. सीटची गादी ३५ इंचांवर. घरी येऊन जिना मोजला, पायरी सात इंच. म्हणजे दाराची कड तीन पायऱ्यांहून जास्त उंच, आणि ते अंतर एकाच ढांगेत चढायचं, वर छत डोक्याला लागू नये म्हणून वाकून, अंग वळवून. मी ६३ वर्षांचा. मला चढायला अडचण आली नाही. पण किती ठिकाणी काय काय धरलं ते या वेळी प्रथमच लक्ष देऊन पाहिलं. दाराच्या कडेला हात, सीटच्या पाठीला हात, गुडघ्यावर हात. तरुणपणी यातलं काहीच मोजावं लागत नाही.

पिकअप उंच का, याला कारण आहे. खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा, त्याच्या खाली धुरा आणि पाटे, आणि माणसं बसायची केबिन त्या सांगाड्याच्या वर ठेवलेली. ओझं लादल्यावर पाटे दबणार, खड्ड्यांतून, वाळूतून जाताना पोट घासता कामा नये, म्हणून सगळं वर उचललेलं. गाडी मालासाठी आखली गेली, माणसाला उरलेल्या जागेत बसवलं. आपल्या बऱ्याच बसही वर्षानुवर्षं ट्रकच्याच सांगाड्यावर बांधल्या गेल्या, म्हणून त्यांची जमीन इतकी उंच असते. महाराष्ट्रात २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, २०२३ च्या मार्चपासून सर्व बायकांना अर्ध्या तिकिटात. फार चांगलं झालं. माझ्या ओळखीच्या कितीतरी म्हाताऱ्या त्यामुळे लेकीकडे, पंढरपूरला जाऊन आल्या. पण पैशांची अडचण संपली की पायरीची दिसू लागते. लहानपणी आमच्या गावच्या फाट्यावर आजी बसमध्ये चढायची ते मला आठवतं. पदर खोचलेला, दोन्ही हातांनी दांडा धरलेला, आणि मागून आई तिला खांदा लावून वर ढकलायची. आत गेल्यावर आजी कुणाकडे न बघता खिडकीशी बसायची आणि बराच वेळ बोलायची नाही. आम्हा पोरांना वाटायचं, तिला दम लागलाय.

जयपुरात २००८ नंतर शहर बस आल्या. त्यांना लोक ‘लो-फ्लोर’ म्हणूनच ओळखतात. ‘लो-फ्लोर से आया हूँ’ असं सर्रास कानावर येतं. खऱ्या लो-फ्लोर बसची जमीन ४० सेंटिमीटरच्या घरात असते. तिच्या उंचीवरून बसचं नावच पडावं, याचा मला आनंद वाटतो. कुणाला तरी ती उंची जाणवली म्हणून ते नाव टिकलं. मेट्रोत तर फलाट आणि डबा एकाच पातळीवर. ताई गावात फिरते ती ई-रिक्षाने. एक पाऊल उचललं की आत, दोन्ही बाजू उघड्या, डोकं वाकवायला नको. छोटी चौपडपर्यंत ती एकटी जाऊन भाजी आणते. पण ई-रिक्षा अजमेरच्या हमरस्त्यावरून बगरूपर्यंत कशी जाणार?

भाचा म्हणाला, ‘‘मामा, मी कार घेऊ का?’’ शेजारच्या काकांकडे लांब, देखणी कार आहे. ते तिच्यातून उतरताना मी पाहिले. आधी एक पाय बाहेर, मग दार धरून दोन झोके, तिसऱ्या झोक्याला उभे. बुटक्या गाडीत माणूस पडल्यासारखा बसतो आणि उठताना सगळं वजन गुडघ्यांनी वर आणावं लागतं. उंच गाडीत उलट, ते वजन आधी वर चढवायचं. सोपी जागा या दोहोंच्या मधे आहे, साधारण आपल्या खुब्याच्या उंचीला, जिथे मागे सरकलं की बसता येतं आणि पुढे सरकलं की उभं राहता येतं. १९९९ च्या अखेरीस आलेली उंच छपराची वॅगनआर इतकी वर्षं घराघरांत टिकली, त्यात या उंचीचाही वाटा असावा असं मला वाटतं. तशी गाडी घेता येईलही. पण बगरूहून येताना कापडाची गाठोडी आणायची असतात. दोन गाड्यांचा खर्च धंद्याला झेपणारा नव्हता आणि ताईला तो मान्यही नव्हता. ‘‘माझ्या एका पायासाठी गाडी?’’ ती म्हणाली.

ताईच्या गुडघ्यांना व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट बाई येते. तिच्याशी बोललो. तिने सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो, उतरताना तो साडेतीनपटीच्या आसपास जातो. म्हणजे दम चढताना लागतो, पण गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना होते. उतरताना मांडीच्या स्नायूला लांब होत होत वजन पेलावं लागतं, आणि वयाबरोबर स्नायूंची ताकद कमी होत जाते. म्हणून म्हातारी माणसं वर पोचतात आणि खाली येताना पडतात. तिचे नियम सोपे होते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. तोंड बाहेर करून उडी मारल्यासारखं उतरायचं नाही. शिडीवरून उतरतो तसं गाडीकडे तोंड करून, पाठ रस्त्याकडे ठेवून उतरायचं. ट्रकवाले उतरतात तसं. दोन हात आणि एक पाय, तीन ठिकाणी आधार कायम, चौथंच फक्त हलवायचं. दार धरायचं नाही, ते हलतं. खांबाला जडवलेलं हँडल धरायचं.

‘‘और माजी पीछे क्यों बैठती हैं? आगे बैठें,’’ ती म्हणाली. पिकअपमध्ये पुढे दोन जागा, मागे तिघांचा बाक. मागचं दार अरुंद, पाय वळवायला जागा नाही. पुढचं दार रुंद, आणि आत खांबावर भक्कम हँडल.

ताई काहीच बोलली नाही. मीही नाही, कारण ती जागा कुणाची होती ते मला ठाऊक होतं. वीस वर्षं पुढे ड्रायव्हरच्या शेजारी भाऊजी बसत आणि मागे ताई, मांडीवर नमुन्यांची पिशवी घेऊन. ते गेल्यावर पुढची जागा रिकामीच जात होती. तिथे कुणी बसू नये असं ताई कधी म्हणाली नव्हती. कुणी बसलंही नव्हतं.

दोन दिवस मी हा विषय काढला नाही. एक दिवस आमेरला गेलो, एक दिवस शहरातच हिंडलो.

हवामहल १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंगांनी बांधला. पाच मजले, ९५३ खिडक्या. लोक त्या खिडक्यांचे फोटो काढतात. मी या वेळी पायाखाली बघत वर गेलो. वर जायला उतरते मार्ग आहेत, पायऱ्यांऐवजी सावकाश चढत जाणारी जमीन. पालख्या नेता याव्यात म्हणून, असं सांगतात. कारण काही असो, माझ्या पुढे एक आजीबाई कुणाचाही हात न धरता, नातवाशी बोलत बोलत वर चालल्या होत्या. बोलणं थांबवावं लागत नाही इतका सौम्य चढ. दोन शतकांपूर्वीच्या कारागिराला जे करता आलं, ते आपल्याला का जमत नाही, असं माझ्या मनात आलं आणि राग आला.

आमेरला हत्तीवर बसायला पर्यटकांची रांग असते. हत्तींना दिवसभर चढ चढायला लावतात ते मला आवडत नाही, मी जीपने गेलो. पण बसण्याची जागा मात्र उभा राहून पाहिली. हत्तीवर कुणी चढत नाही. पायऱ्यांनी आधी एका उंच ओट्यावर जायचं, हत्ती ओट्याला टेकून उभा राहतो, आणि माणूस जमिनीवरून जमिनीवर जावं तसा हौद्यात पाऊल टाकतो. मराठीत ट्रकच्या, पिकअपच्या मागच्या भागालाही आपण हौदाच म्हणतो. हत्तीचा शब्द गाडीला आला, ओटा मात्र मागेच राहिला.

आणि हेच ते शहर, जिथे १९६८ च्या सुमारास जयपूर फूट तयार झाला. सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी पाय गमावलेल्यांना परदेशी धाटणीचे कृत्रिम पाय बसवत आणि लोक ते घरी नेऊन कोपऱ्यात ठेवून देत. त्या पायाला बूट लागायचा, उकिडवं बसता यायचं नाही, मांडी घालता यायची नाही, चिखलात चालता यायचं नाही. दोष त्या लोकांचा मानणं सोपं होतं. सेठींनी तो पायाचा मानला. रामचंद्र शर्मा नावाच्या, फारसं शाळेत न गेलेल्या कारागिराबरोबर त्यांनी रबराचा पाय घडवला, जो अनवाणी चालतो, वाकतो, उकिडवा बसतो. शर्माजींना सगळे ‘मास्टरजी’ म्हणत. सायकल पंक्चर झाली म्हणून ते एका दुकानाशी थांबले, तिथे ट्रकचे झिजलेले टायर पुन्हा रबर चढवून नवे करताना पाहिले, आणि तिथे त्यांना वाट सुचली, अशी गोष्ट जयपुरात सांगतात. १९७५ मध्ये देवेंद्रराज मेहतांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि हे पाय मोफत मिळू लागले. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्या पुरस्कारापेक्षा सेठींचा तो पहिला निर्णय मोठा वाटतो. माणूस जसा बसतो-उठतो तो आधी पाहायचा आणि वस्तू त्याच्याप्रमाणे वाकवायची.

त्या रात्री मी ताईच्या देवघरापुढचा जुना चौरंग मागितला. शिसवी, जाड पायांचा, नऊ इंच उंच. ‘‘कशाला?’’ तिने विचारलं. मी सांगितलं. जमिनीपासून चौरंग नऊ इंच, तिथून दार तेरा इंच. एका ढांगेच्या दोन झाल्या.

‘‘देवाचा चौरंग रस्त्यावर ठेवायचा?’’

‘‘दुसरा करून घेऊ सुताराकडून.’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘नको. ह्याचे पाय डगमगत नाहीत.’’ आणि आत जाऊन चौरंगावरचं लाल कापड काढून घडी घालून ठेवलं.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हरने गाडी अशा जागी लावली, जिथे रस्ता सपाट होता. चौरंग ठेवून त्याच्यावर पाय दाबून पाहिला. मी पुढचं दार उघडलं. ताई उभी राहिली. तिने सीटकडे पाहिलं, गादीवर हात फिरवला, जणू कापडाचं टोक चोळत होती. मग चांगला, उजवा पाय चौरंगावर. हात हँडलवर. डावा पाय चौरंगावर आला, ती थांबली, श्वास घेतला. पुन्हा उजवा पाय दाराच्या कडेवर. आम्ही दोघेही हात पुढे करून उभे होतो, पण कुणी तिला धरलं नाही. आदल्या रात्री तीन वेळा तिने आम्हाला तेच बजावलं होतं. ती वळून बसली आणि दुखरा पाय हाताने उचलून आत घेतला.

‘‘इथून रस्ता किती दिसतो रे,’’ ती म्हणाली.

बगरूच्या वाटेवर ती बोलत होती. वाटेतली गावं, कुठे कोणती विहीर होती, कुठल्या वळणावर भाऊजी चहाला थांबायचे. मी आता मागच्या बाकावर होतो. मागून तिचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून पुढे वाकून बसलो. वीस वर्षं तीही अशीच वाकून बसत असेल.

छपाईच्या अंगणात शिरल्यावर ड्रायव्हरने नेहमीच्या जागी गाडी थांबवली नाही. तो थोडा पुढे गेला, आरशात बघत मागे आला, पुन्हा पुढे. गाठोडी लादायला तिथे एक दगडी ओटा आहे. ओट्यावरून गाठोडी हौद्यात ढकलायची म्हणून एरवी गाडी त्याला पाठमोरी लावतात, फाळका पाडून. आज त्याने गाडी ओट्याला बाजूने भिडवली, ताईचं दार ओट्याकडे करून. दार उघडलं. ओटा आणि दाराची कड यांत दोन बोटांचाही फरक नव्हता. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ताई अंग वळवून उभी राहिली आणि घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशी ओट्यावर आली. ओट्याला पलीकडे चार बुटक्या पायऱ्या होत्या. त्या ती भिंतीला हात लावून उतरली आणि थेट मैदानाकडे चालू लागली. छपाईवाल्यांच्या घरातल्या बायका ‘माजी आईं, माजी आईं’ करत बाहेर आल्या. तिने त्यांच्याकडे बघून हात केला, पण थांबली नाही. वाळत घातलेल्या पहिल्या थानापाशी वाकली, टोक उचललं, दोन बोटांत चोळलं. मग दुसरं. तिसऱ्यापाशी मान हलवली आणि छपाईवाल्या म्हातारबाबांना विचारलं, ‘‘स्याही कितने दिन की थी?’’ त्यांनी सांगितलेला आकडा तिला पटला नाही. मग दोघे भांडी ठेवली होती तिकडे गेले, झाकण काढून वास घ्यायला.

परतताना तिने चौरंग उलटा करून पाहिला. एका पायाची कड दगडावर घासून उडाली होती.

‘‘ह्याला खालून रबर ठोकून घे,’’ ती ड्रायव्हरला हिंदीत म्हणाली, ‘‘टायरचं चालेल. पुढच्या बुधवारपर्यंत हवं.’’